घरच्या पोहण्याच्या टाकीला परवडणारं क्लोरीन कुठलं?

उंबरठा | १२ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

नेरळजवळ आमचं छोटं घर आहे. बाबांचे दोन्ही गुडघे झिजलेत, डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं, म्हणून गेल्या दिवाळीआधी आवारात टाकी बांधून घेतली. लांबी ८ मीटर, रुंदी ४, खोली सरासरी सव्वा मीटर. म्हणजे ४०,००० लिटर पाणी. वर छप्पर नाही, दिवसभर ऊन. सँड फिल्टर आहे, पंप रोज सहा तास चालतो.

बांधणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे टीसीसीए ९०च्या क्लोरीनच्या गोळ्या तरंगत्या डब्यात घालतो. किलोला ४०० रुपये, महिन्याला चार किलो लागतात. सुरुवातीला तळाची फरशी मोजता यायची इतकं स्वच्छ पाणी होतं. मार्चपासून भिंतींना बुळबुळीत हिरवा थर धरायला लागला. चाचणीच्या पट्टीवर क्लोरीन ३ पीपीएम (लिटरला ३ मिलिग्रॅम) दिसतंय, तरी शेवाळ! मग शेवाळनाशक आणलं, मग पाणी नितळ करायचं औषध. एप्रिलचा खर्च साडेचार हजारांवर गेला आणि बाबा आठ दिवस पाण्यात उतरलेले नाहीत.

गोळ्या सोडून दुसरं काय वापरता येईल? हायपो (द्रव क्लोरीन), ब्लीचिंग पावडर, मिठाचं यंत्र अशी नावं ऐकली आहेत. स्वस्त हवं, पण बाबांच्या त्वचेला आणि डोळ्यांना त्रास होता कामा नये. अनुभव सांगा.

---

निळीशाई | १२ मे, रात्री ९.५५

मोबाइलवर शीर्षक अर्धंच दिसलं, "पोहण्याच्या"च्या पुढचं वाचलंच नाही. आमच्या नदीत पोहणाऱ्या पोरांबद्दल असेल म्हणून आत आले. आता आलेच आहे तर बसते. वाचनखूण साठवली.

---

द्राक्षबाग | १२ मे, रात्री १०.१०

सोपा उपाय आहे. मोरचूद टाका. शेततळ्यात शेवाळ झालं की आम्ही तेच करतो. बागेसाठी बोर्डो मिश्रण करायला घरात असतंच. चिमूटभर पुरतं, स्वस्त आहे.

---

क्षारपाणी | १२ मे, रात्री १०.४८

द्राक्षबाग, शेततळ्याचं ठीक आहे, माणसं उतरणार त्या पाण्यात मोरचूद नको. तांबं शेवाळ मारतं, पण जंतू मारायच्या बाबतीत क्लोरीनची जागा घेत नाही. शिवाय ते पाण्यातून जात नाही, साचत राहतं. पीएच वाढला की फरशीवर निळसर-काळे डाग पडतात आणि पांढऱ्या केसांना हिरवी झाक येते. पोहणाऱ्यांचे केस हिरवे होण्याचा दोष लोक क्लोरीनला देतात, करणी तांब्याची असते.

उंबरठा, आता तुमच्याबद्दल. मी क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या कारखान्यात सत्तावीस वर्षं काढली, म्हणून जरा लांब लिहिते.

तुमची गोळी म्हणजे क्लोरीन आणि सायन्युरिक आम्ल यांची जोडी. क्लोरीन काम करून खर्च होतं, आम्ल पाण्यातच राहतं. गोळ्यांमधून दर १० पीपीएम क्लोरीन गेलं की ६ पीपीएम आम्ल वाढतं. चार किलो गोळ्या म्हणजे तुमच्या पाण्यात रोज साधारण ३ पीपीएम क्लोरीन. महिन्याला ९०. म्हणजे आम्ल महिन्याला ५४. नोव्हेंबर ते एप्रिल सहा महिने धरा. बॅकवॉशमध्ये (फिल्टर उलटा धुताना) गेलेलं, उडालेलं पाणी वजा केलं तरी आज ते दोनशेच्या खाली नसेल.

हे आम्ल वाईट नाही. उघड्यावरच्या टाकीत ते अजिबात नसेल तर भर दुपारी निम्मं क्लोरीन तासाभराच्या आत उन्हाने उडून जातं. ते क्लोरीनला धरून ठेवतं. ३० ते ५० पीपीएम असलं की काम छान चालतं. पण ते जितकं जास्त, तितकं क्लोरीन जखडलेलं. आम्लाच्या साडेसात टक्के तरी क्लोरीन पाण्यात असावं असा अंदाज धरतात. ४० आम्लाला ३ पुरतं. २०० आम्लाला १५ लागेल. तुमची पट्टी ३ दाखवते ते खोटं नाही, पण त्यातलं मोकळं फारच थोडं आहे. म्हणून शेवाळ.

आधी आम्ल मोजा. पाण्यात चाचणीचं द्रव घातलं की ते गढूळ होतं, ते नळीत हळूहळू ओतत जायचं, तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की तिथला आकडा वाचायचा. १००च्या वर गेलं तर निम्मं साधं पाणी मिसळून पुन्हा करा आणि उत्तराची दुप्पट करा.

---

पंपवाला | १३ मे, सकाळी ७.१५

ताई, हिशोब बरोबर आहे तुमचा. पण गोळीला एवढं वाईट ठरवू नका. मी लोणावळ्याकडचे अकरा टँक सांभाळतो. मालक शनिवारी येणार, सोमवारी जाणार. मला प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून दोनदाच जाता येतं. हायपो घातलं तर तिसऱ्या दिवशी पाण्यात क्लोरीनच नाही, गोळी मात्र हळूहळू विरघळत राहते. रोज हाताने ओतायला माणूस आहे का, हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

दुसरं, हायपोने पीएच वर जातो. मग अॅसिड घाला. त्याचा खर्च कोण धरणार?

---

क्षारपाणी | १३ मे, सकाळी ८.३०

पंपवाला, माणसाचा मुद्दा सोळा आणे मान्य. घरात रोज कुणी नसेल तर गोळी टाळता येत नाही.

पीएचबद्दल अर्धं मान्य. हायपो ओतल्यावर पीएच चढतो, पण क्लोरीन खर्च होताना थोडी आम्लता तयार होते आणि पीएच जवळपास होता तिथे परत येतो. उरते ती हायपोतली जादा कॉस्टिकची भर. स्वस्त मालात ती जास्त असते. गोळी उलट्या बाजूची, ती पीएच आणि अल्कता (पीएच स्थिर ठेवणारा पाण्यातला क्षार) दोन्ही खाली ओढते. तिला खाण्याचा सोडा घालावा लागतो, तो खर्चही धरा की.

पीएचकडे लक्ष द्या, कारण ७.५ला मोकळ्या क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो. ८ला तो चौथा हिस्साच राहतो. ७.२ ते ७.६ ठेवा. डोळ्यांनाही तेच सोसतं.

---

माणदेशी | १३ मे, सकाळी ११.०२

राग नाही, पण मनात आलं ते लिहितो. आमच्या माण तालुक्यात मे महिन्यात पिण्याच्या पाण्याला टँकर लागतो. बायकांचा अर्धा दिवस त्यात जातो. ४०,००० लिटर एका घराच्या आवारात, आणि त्यात शेवाळ झालं म्हणून चर्चा. वाचून गलबलून आलं.

---

उंबरठा | १३ मे, दुपारी १.२०

माणदेशी, तुमचं म्हणणं मनाला लागलं आणि लागायलाच हवं. टाकी आम्ही आमच्या विहिरीवरून ऑक्टोबरमध्ये, विहीर काठोकाठ असताना भरली. टँकर एकदाही मागवलेला नाही, मागवणारही नाही. म्हणूनच पाणी फेकून नवीन भरा असं बांधणाऱ्याने सांगितलं तेव्हा मी थांबलो आणि इथे विचारायला आलो. बॅकवॉशचं पाणी एका खड्ड्यात उघड्यावर ठेवतो, पट्टीवर क्लोरीन शून्य आलं की माडांना सोडतो.

ताई, चाचणीचा संच मागवला आहे.

---

माणदेशी | १३ मे, दुपारी १.४५

मग बाबांना चालू द्या पाण्यात. रात्री झाकत असाल तर अजून बरं, झाकलेलं पाणी उडत नाही.

---

आबा_वाडीकर | १३ मे, रात्री ८.१५

मी आरोग्यसेवक म्हणून निवृत्त झालो. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, या हातांनी पोत्यांनी टाकली आहे. आमचं माप ठरलेलं, हजार लिटरला अडीच ग्रॅम. पंचायतीचं पाणी तपासून हिरवं, पिवळं की लाल कार्ड द्यायचं त्यात टीसीएलचा साठा बघतातच. त्यामुळे या पावडरीबद्दल अधिकाराने बोलतो.

स्वस्त म्हणाल तर हिच्याहून स्वस्त काही नाही. पण पावडर थेट पाण्यात भिरकावायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवून लापशी करायची, मग बादली पाऊण भरायची, ढवळायची आणि निदान अर्धा तास ठेवायची. चुना खाली बसतो, वरची निवळी तेवढी ओतायची. गाळ ओतला तर टाकीत चुन्याचा पांढरा धूर पसरेल आणि फिल्टर तुंबेल.

पोतं फोडलं की हिची ताकद उतरायला लागते. नवी असताना तिशीच्या आसपास टक्के, कोकणच्या दमट हवेत उघडी पडली की भराभर उतरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवावी. वास गेलेली पावडर म्हणजे नुसता चुना.

आणखी एक. आम्ही ओटी टेस्ट करायचो, पिवळा रंग आला की झालं. विहिरीला ते ठीक होतं. पण त्यात मोकळं आणि अडकलेलं क्लोरीन एकत्रच दिसतं. टाकीला गुलाबी रंग येणारी डीपीडी चाचणी घ्या.

---

निळीशाई | १३ मे, रात्री ८.४०

आबा, "निवळी" शब्द किती वर्षांनी वाचला. आमची आजी तुरटी फिरवून पाणी निवळायची. एक शंका, सार्वजनिक तलावावर क्लोरीनचा भपकन वास येतो, म्हणजे तिथे क्लोरीन जास्त घालतात ना?

---

क्षारपाणी | १३ मे, रात्री ९.०५

बहुतेक वेळा उलटं असतं. घाम, लघवी, अंगाला लावलेलं तेल यांच्याशी क्लोरीन जुळून क्लोरामाइन तयार होतात, डोळे चुरचुरतात ते त्यांच्यामुळे. वास आला की क्लोरीन कमी पडतंय असं समजा. उतरण्याआधी साबणाने अंघोळ, हा सगळ्यात स्वस्त उपाय. आबांची निवळीची पद्धत अगदी बरोबर. फक्त ज्यांचं बोअरचं पाणी आधीच जड आहे त्यांनी टीसीएल रोज वापरू नये, कॅल्शियम वाढून फरशीवर आणि पाइपात खर धरते.

---

जांभादगड | १४ मे, सकाळी ६.५०

आमचा किस्सा ऐका. गुहागरकडे घर, लाल जांभ्यातली विहीर. पाणी तांब्यात घेतलं तर स्वच्छ. टाकी भरली, उत्साहाने हायपो ओतलं आणि दहा मिनिटांत अख्ख्या टाकीचा कोरा चहा झाला! बायको म्हणाली, साखर घालू का?

पाण्यात लोह होतं, क्लोरीनने त्याचा गंज झाला. पंप सलग चालवून, तीन-चार वेळा बॅकवॉश करून पाणी निवळलं. पायऱ्यांवरचे डाग व्हिटॅमिन सीच्या गोळ्या फडक्यात बांधून घासले तेव्हा गेले. विहिरीचं पाणी असेल तर आधी एक बादली भरून त्यात थोडं हायपो घालून पाहा.

---

ह्यूस्टनचा_पाऊस | १४ मे, सकाळी ९.२५

इथे टेक्सासात जवळपास प्रत्येक गल्लीत पूल आहे. मीही आधी गोळीवालाच होतो. २०२०च्या ऑगस्टमध्ये लॉरा चक्रीवादळानंतर लुइझियानात लेक चार्ल्सजवळचा गोळ्यांचा मोठा कारखाना जळाला. त्यात कोविडमुळे सगळे घरी, पूल वाढलेले. २०२१च्या उन्हाळ्यात गोळ्यांच्या बादलीचा भाव दुप्पट झाला, तोही मिळाली तर. नाइलाजाने १० टक्क्यांचं द्रव क्लोरीन वापरायला लागलो. तेव्हापासून रोज संध्याकाळी झाडांना पाणी घालताना एक माप पूलमध्ये. शेवाळनाशकाची बाटली पुन्हा घेतली नाही.

संध्याकाळीच घाला, म्हणजे रात्रभर काम करतं. आणि साठवू नका. उन्हाळ्यात गॅरेजमध्ये राहिलेलं द्रव दोन महिन्यांत निम्मं उतरतं.

---

ब्रिस्बेनवासी | १४ मे, दुपारी ३.१०

आमच्याकडे ऑस्ट्रेलियात मिठाचं यंत्र सर्रास असतं. पाण्यात हजार लिटरला तीन-साडेतीन किलो मीठ, यंत्रातल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून वीज जाते आणि मिठातूनच क्लोरीन तयार होतं. पाणी अंगाला मऊ लागतं, रोज ओतायची कटकट नाही. खारं पाणी म्हणजे बिनक्लोरीनचं असं काहींना वाटतं, तसं नाही.

---

उंबरठा | १४ मे, रात्री ९.३०

ब्रिस्बेनवासी, मी इथे किंमत विचारली. माझ्या मापाच्या यंत्राला १ लाख १० हजार सांगितले. पाच वर्षं चाललं असं धरलं तर महिन्याला अठराशे रुपये पडतात. मीठ, वीज वेगळी. आमच्याकडे वीज जाते, दाब खालीवर होतो आणि विहिरीचं पाणी जड असल्यामुळे पट्ट्यांवर खर बसेल. आत्ता तरी झेपणार नाही.

आजची बातमी: संच आला. निम्मं पाणी मिसळून मोजलं, १२० आलं. म्हणजे आम्ल २४०. ताई, तुम्ही न बघता सांगितलं होतं.

---

क्षारपाणी | १५ मे, सकाळी ८.००

आता भावाचं. किलोचा भाव बघू नका, त्यातल्या क्लोरीनचा भाव काढा. भावाला टक्केवारीने भागायचं.

तुमची गोळी ४०० रुपये, ९० टक्के, म्हणजे क्लोरीन ४४४ रुपये किलो. माझ्या ओळखीत तळोज्याकडे १० टक्क्यांचं हायपो २२ रुपये किलोने मिळतं, म्हणजे २२० रुपये. टीसीएल ४५ रुपयांना, ३० टक्के ताकद धरली तर १५०, पण चुना आणि उतरती ताकद सोबत. कॅल्शियम हायपो, म्हणजे कोरडं, दाणेदार क्लोरीन, ६५ टक्क्यांचं २०० रुपयांनी धरलं तर ३०८. ते साठवायला बरं, टिकतं. मात्र १० पीपीएम क्लोरीनमागे ७ पीपीएम कॅल्शियमचा जडपणा वाढवतं.

तुम्हाला रोज १२० ग्रॅम क्लोरीन लागतं. हायपो १ किलो २०० ग्रॅम, महिन्याला ३६ किलो, म्हणजे आठशे रुपयांच्या आत. आणि हायपो मागे ठेवतं ते फक्त थोडं मीठ.

---

पंपवाला | १५ मे, सकाळी ८.४०

ताईंच्या हिशोबात एक खाचखळगा लक्षात ठेवा. हायपो किलोवर विकतात आणि आपण ओततो लिटरने. ते पाण्याहून जड आहे. ३५ किलोचा कॅन म्हणजे ३० लिटरच्या आतबाहेर. लिटरभराचं माप ओतलं की १२०० ग्रॅमच्या आसपास झालं, एवढं ध्यानात ठेवा. कॅनवर भरल्याची तारीख बघा, नसेल तर घेऊ नका. कॅनचं बूच अगदी गच्च आवळू नका, आत वायू धरतो आणि कॅन फुगतो.

---

आबा_वाडीकर | १५ मे, दुपारी १२.१०

आणि जिवाची काळजी. माझ्या नात्यातल्या एका बंगल्यावर माळ्याने हायपोच्या रिकाम्या बादलीत अॅसिड ओतलं. तळाशी थोडं हायपो उरलं होतं. पिवळट हिरवा धूर उठला, माणूस खोकत खाली बसला. दोन रात्री दवाखान्यात काढल्या, वाचला. त्या माळ्याला कुणीही सांगितलेलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. मापं वेगळी ठेवा, वेगळ्या रंगाची. अॅसिड एका कोपऱ्यात, हायपो दुसऱ्या कोपऱ्यात. जो ओतणार त्याला मराठीत कागदावर लिहून भिंतीला लावा.

---

क्षारपाणी | १५ मे, दुपारी १२.३५

आबांनी फार महत्त्वाचं लिहिलं. त्याला जोडून: टीसीसीएच्या गोळ्या ज्या डब्यात होत्या त्यात कॅल्शियम हायपो किंवा टीसीएल कधीही घालू नका, डबा धुतलेला असला तरी. दोन्ही "क्लोरीनच" आहेत म्हणून लोक एकत्र करतात. त्यात आग लागते, स्फोटही होतो. आणि पावडर पाण्यात घालायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही.

---

निळीशाई | १५ मे, दुपारी १.००

पण २४० आम्लाचं काय? ते हायपोने जाणार नाही ना?

---

क्षारपाणी | १५ मे, दुपारी १.२०

बरोबर पकडलंत. त्याला स्वस्त औषध नाही, पाणीच बदलावं लागतं. पण ते नेरळला आहेत! तिकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. टाकीचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर. म्हणजे चार महिन्यांत आकाशातून ९६,००० लिटर, टाकीच्या दुपटीहून जास्त. उंबरठा, टँकर नको, विहीर नको. मोठी सर आली की आधी तळातून थोडं पाणी सोडा, पावसाला भरू द्या, पंप चालू ठेवा म्हणजे वरचं गोडं पाणी खालच्यात मिसळेल. वरून वाहून जाऊ दिलं तर नुसतं पावसाचंच पाणी जातं, जुनं तळाशीच राहतं.

तोवर टाकी बंद ठेवा, घासून शेवाळ काढा, झाका. तीन-चार आठवड्यांचा प्रश्न आहे.

---

पंपवाला | १५ मे, दुपारी २.०५

हे मला सुचलं नव्हतं. आमच्याकडे तर याहून जास्त पडतो, आणि मी दरवर्षी ते ओव्हरफ्लोमधून जाऊ देतो. या जूनपासून तळातूनच सोडणार.

---

उंबरठा | ४ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

धागा वर आणतोय, सांगायचं राहिलं होतं.

पाऊस सुरू झाल्यापासून ताईंनी सांगितलं तसं केलं. मोठी सर येण्याआधी मल्टिपोर्ट (फिल्टरची झडप) वेस्टवर, म्हणजे पाणी बाहेर सोडण्यावर, ठेवून चार बोटं पाणी खाली करायचो. जुलैअखेर आम्ल ९० आलं, गणपतीत ५०. तिथे थांबलो. पावसाच्या पाण्याने अल्कता अगदी खाली गेली होती, खाण्याचा सोडा आठ किलो लागला, हे इतरांनी लक्षात ठेवावं.

ऑगस्टपासून हायपो. रोज संध्याकाळी सातला एक लिटर, पंपाच्या परतीच्या तोंडासमोर, हातमोजे आणि चष्मा घालून. ढगाळ दिवसांत पाऊण लिटरच पुरलं. सप्टेंबरचा खर्च हायपोचे ७७० आणि अॅसिडचे ९० रुपये. शेवाळनाशक शून्य. गावाला जायचं असेल तेव्हा दोन गोळ्या डब्यात, पंपवाल्यांचा मान राखून.

आबा, तुमच्या सांगण्यावरून कागद लिहून पंपघरात लावला आहे. लाल मग अॅसिडचा, निळा हायपोचा. बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला.

---

आबा_वाडीकर | ४ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

फार समाधान वाटलं. बाबा किती वेळ चालतात पाण्यात?

---

उंबरठा | ४ ऑक्टोबर, दुपारी १२.०५

सकाळी पंचवीस मिनिटं, एका हाताने कठडा धरून. कालपासून कठडा सोडून मधून चालायला बघताहेत, मी शेजारी असतो.

---

जांभादगड | ४ ऑक्टोबर, दुपारी १२.४०

सोडा आठ किलो एकदम घातला की थोडा थोडा? माझीही अल्कता पडली आहे.

---

उंबरठा | ४ ऑक्टोबर, दुपारी १.१०

दोन-दोन किलो, चार दिवस. प्रत्येक वेळी आदल्या दिवशीचं मोजून मगच पुढचं.